'वरून पैसेच आले नाहीत' : हे 'वर' नक्की कुठे, ते कसं शोधायचं

नळयोजनेची टाकी उभी राहून दोन पावसाळे गेले, नळाला मात्र पाणी नाही. ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारतं आणि उत्तर ठरलेलं असतं, "वरून पैसेच आले नाहीत." प्रश्न तिथेच मिटतो. हे 'वर' म्हणजे कुठे, ते विचारणाऱ्याला माहीत नसतं आणि बरेचदा सांगणाऱ्यालाही नसतं. पंचायत समितीच्या वर जिल्हा परिषद, तिच्या वर मंत्रालय, मंत्रालयाच्या वर दिल्ली. पैसा यातल्या कुठल्या मजल्यावर अडला हे शोधता येतं. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मोबाइल, वही आणि एक मोकळा रविवार पुरतो. कागदपत्रं सगळी जाहीर आहेत, फक्त ती कुठल्या क्रमाने उघडायची ते कुणी सांगत नाही.

खाली आकडे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचे घेतले आहेत. आकडे दर वर्षी बदलतात, कागदांची मांडणी जवळपास तीच राहते. त्यामुळे एकदा हात बसला की पुढच्या वर्षी फक्त नवे आकडे भरायचे.

आधी दार ओळखा

केंद्राचा पैसा राज्यात मुख्यतः चार दारांनी येतो आणि प्रत्येक दाराचा पहारेकरी वेगळा आहे.

पहिलं दार करांतल्या हिश्श्याचं. आयकर, कंपनी कर, केंद्राचा जीएसटी यांचा ठरावीक वाटा घटनेच्या कलम २७० प्रमाणे राज्यांना जातो. हा हक्काचा पैसा आहे. तो कशावर खर्च करायचा हे राज्य ठरवतं, त्यावर योजनेचं लेबल नसतं. दुसरं दार वित्त आयोगाने (केंद्र-राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणारी घटनात्मक संस्था) सुचवलेल्या अनुदानांचं. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला मिळणारा 'वित्त आयोगाचा निधी' तो हाच. तिसरं केंद्र पुरस्कृत योजनांचं. यात केंद्र आणि राज्य दोघं पैसे घालतात, साधारण ६० आणि ४० या प्रमाणात. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९० आणि १०. शाळेतला पोषण आहार, ग्रामीण घरकुल हे याच दारातून येतं. घरोघर नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांना निम्मा वाटा स्वतः उचलावा लागतो. चौथं दार केंद्रीय क्षेत्र योजनांचं, म्हणजे शंभर टक्के पैसा दिल्लीचा. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात पडतात ते इथून.

त्याच शेतकऱ्याला 'नमो शेतकरी महासन्मान' म्हणून आणखी सहा हजार मिळतात, ते मात्र राज्याच्या तिजोरीतले. खातं एक, सरकारं दोन. गंमत अशी की राज्याची यादी पीएम-किसानच्या यादीवरूनच तयार होते. म्हणजे केंद्राच्या नोंदीत आधार जुळला नाही तर राज्याचाही हप्ता अडतो, आणि माणूस वर्षभर चुकीच्या टेबलासमोर उभा राहतो.

तर पहिलं काम एवढंच : कामाच्या फलकावरून किंवा शासन निर्णयावरून योजनेचं पूर्ण नाव उतरवून घ्या आणि पुढे दाराचा क्रमांक लिहा. 'पाण्याची योजना' एवढ्याने भागत नाही. एकाच गावात एक टाकी जलजीवनची, दुसरी वित्त आयोगाची आणि तिसरी आमदार निधीची असू शकते.

भाषण बाजूला ठेवा

२०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'महाराष्ट्राला काय मिळालं?' आणि उत्तर शोधलं जातं भाषणात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात बिहार आणि आंध्र प्रदेशाची नावं आली, महाराष्ट्राचं नाव आलं नाही म्हणून गदारोळ झाला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा दाखला दिला. ७६ हजार कोटींहून मोठ्या त्या प्रकल्पाला महिनाभर आधी, जूनमध्येच मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. मला दोन्ही बाजू तितक्याच निरुपयोगी वाटल्या. भाषणात नाव येणं म्हणजे पैसा मिळणं नव्हे, आणि एका बंदराच्या मंजुरीवरून राज्याचा हिशोब होत नाही.

भाषण सोडा आणि 'इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर जा. तिथे डझनभर कागद दिसतील. तुम्हाला तीनच लागतात : 'बजेट ॲट अ ग्लान्स' (सगळ्या पसाऱ्याचं सार), 'रिसीट बजेट' (पैसा कुठून येणार) आणि 'एक्स्पेंडिचर बजेट' (कुठल्या खात्याला, कुठल्या योजनेला किती). सगळे इंग्रजीसोबत हिंदीतही असतात. आकडे कोटी रुपयांत असतात हे वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते न वाचता पुढे गेलात तर हजारांचे लाख आणि लाखांचे कोटी व्हायला वेळ लागत नाही.

रुपयाच्या चित्रातला चकवा

सार-पुस्तिकेत सुरुवातीलाच 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' असं चित्र असतं. २०२५-२६ मध्ये ते असं होतं : येणाऱ्या रुपयात कर्जाचे २४ पैसे, आयकराचे २२, जीएसटीचे १८, कंपनी कराचे १७ आणि बाकी किरकोळ. जाणाऱ्या रुपयात राज्यांचा करहिस्सा २२ पैसे, व्याज २०, संरक्षण ८, केंद्रीय क्षेत्र योजना १६, केंद्र पुरस्कृत योजना ८.

वर्तमानपत्रं हे चित्र छापतात आणि शेजारीच मोठ्या अक्षरात '५० लाख कोटींचा अर्थसंकल्प' असंही छापतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एकमेकांशेजारी ठेवले की घोळ होतो. केंद्राचा एकूण खर्च होता ५०,६५,३४५ कोटी. त्यात राज्यांचा करहिस्सा धरलेलाच नाही. तो पैसा केंद्राच्या हिशोबात खर्च म्हणून येतच नाही, आधीच वजा होतो. तो होता १४,२२,४४४ कोटी. चित्रातला रुपया मात्र दोन्हींची बेरीज आहे, म्हणजे सुमारे ६४ लाख ८८ हजार कोटी.

वहीत करून बघा. व्याजाचा खर्च १२,७६,३३८ कोटी. चित्राप्रमाणे रुपयातले २० पैसे. पण केंद्राच्या स्वतःच्या ५०.६५ लाख कोटींशी भागाकार केला तर तो २५ पैशांवर जातो. केंद्र खर्च करतं त्यातला चौथा हिस्सा जुन्या कर्जाच्या व्याजात जातो, असं म्हटलं की चित्र लगेच वेगळं दिसतं. कर्जही असंच : २४ पैसे म्हणजे १५,६८,९३६ कोटी, आणि हीच ती राजकोषीय तूट, म्हणजे खर्च आणि कर्जाशिवायची जमा यांतला फरक, जीडीपीच्या ४.४ टक्के. टीव्हीवर 'तूट' आणि 'कर्ज' हे दोन वेगळे शब्द वापरतात म्हणून दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, एवढंच.

४१ टक्के म्हणताना जपून

करांचा हिस्सा ठरवतो वित्त आयोग. घटनेच्या कलम २८० खाली दर पाच वर्षांनी तो नेमला जातो. एन. के. सिंह अध्यक्ष असलेल्या पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना ४१ टक्के दिले. आधीच्या आयोगाने ४२ दिले होते. जम्मू-काश्मीर राज्य न राहता केंद्रशासित झाल्यामुळे एक टक्का उतरला. २०२६ पासूनच्या पाच वर्षांसाठी अरविंद पनगरिया यांच्या अध्यक्षतेखाली सोळावा आयोग नेमला गेला, तेव्हा पुढच्या वर्षांचा हिशोब करताना त्या अहवालातली टक्केवारी घ्यायची.

आता तपासा. केंद्राचा एकूण कर महसूल धरला होता ४२.७० लाख कोटी. त्याचे ४१ टक्के होतात साडेसतरा लाख कोटी. राज्यांना मिळणार होते १४.२२ लाख कोटी, म्हणजे जेमतेम एकतृतीयांश. सव्वातीन लाख कोटी गेले कुठे? उत्तर मुख्यतः दोन शब्दांत आहे : सेस (ठरावीक कामासाठी लावलेला कर) आणि सरचार्ज (करावरचा जादा कर). यांचा पैसा वाटपाच्या मडक्यात पडतच नाही, सगळा केंद्राकडे राहतो. आयकरावरचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण सेस तुमच्या पगाराच्या कागदावर दिसतो. पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्रीय करातही मोठा भाग अशाच सेसचा. राज्यांच्या अर्थमंत्र्यांचं दिल्लीशी भांडण होतं ते ४१ या आकड्यावरून कमी, या न वाटल्या जाणाऱ्या पैशावरून जास्त.

मग राज्याराज्यांत वाटप. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन 'उत्पन्नातल्या अंतराला' होतं : राज्य जितकं गरीब तितकं जास्त. बाकी लोकसंख्या, क्षेत्रफळ, जंगल, लोकसंख्या नियंत्रणातली कामगिरी. आणि स्वतःचे कर गोळा करण्याच्या मेहनतीला फक्त अडीच टक्के. म्हणून उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के आणि महाराष्ट्राला ६.३१७. गोव्याला ०.३८६. 'आम्ही भरतो एवढे आणि मिळतात एवढेच' ही तक्रार मुंबईत रोज ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असं नाही, पण संघराज्यात पैसा श्रीमंत भागाकडून गरीब भागाकडे जाणार हे गृहीतच असतं. आपल्याच राज्यात मुंबई-पुण्याचा कर गडचिरोली-नंदुरबारला जातो तेव्हा आपण त्याला अन्याय म्हणत नाही.

६.३१७ टक्के म्हणजे किती ते काढा : सुमारे ८९,८५६ कोटी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरली होती. म्हणजे या पहिल्या दाराने राज्याच्या जमेतला साधारण सहावा हिस्सा येतो. मोठा भाग राज्य स्वतः कमावतं. 'केंद्राने दिलं नाही म्हणून अडलं' असं कुणी सरसकट म्हणालं, तर हा भागाकार समोर ठेवा.

चार रकाने : खरी गोष्ट इथे आहे

या लेखातला एकच भाग करून बघायचा असेल तर हा करा. 'एक्स्पेंडिचर बजेट'मध्ये प्रत्येक योजनेपुढे चार रकाने असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या रकान्याची होते. पैसा कुठे गेला ते दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या फरकात कळतं.

जलजीवन मिशन घ्या. जलशक्ती मंत्रालयाच्या पेयजल व स्वच्छता विभागात ही ओळ सापडते. २०२४-२५ साठी मूळ तरतूद होती ७०,१६३ कोटी. सुधारित अंदाजात ती उरली २२,६९४ कोटी. आणि २०२५-२६ साठी पुन्हा ६७,००० कोटी. भाषणात काय होतं? मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ आणि वाढीव तरतूद. ६७ हजार हा आकडा सुधारित अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट आहे, तेव्हा 'वाढ' म्हणणं खोटं नाही. आणि आदल्या वर्षी दोनतृतीयांश पैसा कापला गेला हेही खोटं नाही.

तुमच्या गावची टाकी त्या वर्षी अर्धवट राहिली असेल तर 'वरून पैसे आले नाहीत' या वाक्याला इथे पहिला लेखी पुरावा मिळतो. राज्यात जलजीवनच्या कंत्राटदारांची देयकं थकल्याच्या बातम्या आल्या, त्यामागचं एक कारण हेच. पण इथेच थांबू नका. केंद्राचा हात आखडला म्हणून राज्याने आपला निम्मा वाटा टाकला होता की नाही, हा प्रश्न उरतोच.

मंजुरीचं कॅलेंडर

फेब्रुवारीत मांडलेला अर्थसंकल्प हा प्रस्ताव असतो. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. या समित्यांचे अहवाल वाचायला शिका. कुठल्या योजनेचा पैसा का पडून राहिला हे अधिकाऱ्यांच्या तोंडून तिथे नोंदलेलं असतं. मग लोकसभा अनुदानांच्या मागण्यांवर मतदान करते. राज्यसभा चर्चा करू शकते, धनविधेयक चौदा दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. मार्च २०२३ मध्ये गदारोळात सुमारे ४५ लाख कोटींच्या मागण्या कुठल्याच चर्चेशिवाय काही मिनिटांत मंजूर झाल्या होत्या.

निवडणुकीच्या वर्षी कॅलेंडर बदलतं. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला फक्त अंतरिम अर्थसंकल्प आला, लेखानुदान घेऊन सरकारने काही महिन्यांचा खर्च भागवला आणि पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला आला. मध्ये आचारसंहिता. त्या वर्षी ऑगस्टपर्यंत नवं काम न सुरू होणं यात नवल नव्हतं, आणि मग विधानसभेची निवडणूक आली. कामाला उशीर का झाला हे विचारण्याआधी निवडणुकांच्या तारखा वहीत एका ओळीत मांडून ठेवा.

मंत्रालयाचा मजला

दिल्लीहून निघालेला योजनेचा हप्ता गावच्या खात्यात थेट पडत नाही. तिसऱ्या दाराच्या पैशासाठी २०२१ पासून प्रत्येक योजनेचं राज्यात एकच मध्यवर्ती बँक खातं ठेवण्याची पद्धत आली. केंद्राचा हिस्सा आधी राज्याच्या तिजोरीत, तिथून राज्याच्या हिश्श्यासह त्या खात्यात. आधीच्या हप्त्यातला मोठा भाग खर्च झाल्याशिवाय आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. म्हणजे अडण्याच्या जागा तीन : दिल्लीने सोडला नाही, मुंबईने पुढे ढकलला नाही, किंवा खालून प्रमाणपत्रच गेलं नाही. तिसरं कारण फार वेळा खरं असतं आणि क्वचितच सांगितलं जातं.

हे तपासायचं राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर. विभाग निवडा, योजनेचं नाव टाका. 'केंद्र हिस्सा रु. अमुक व राज्य हिस्सा रु. तमुक निधी वितरित करण्यास मान्यता' अशा मजकुराचे निर्णय सापडतील, तारखेसह. त्यात वर 'संदर्भ' म्हणून केंद्राच्या मंजुरीपत्राची तारीखही असते. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे पैसा मुंबईत किती दिवस बसला ते. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा एका कामासाठी आठवडाभर दिल्लीला बोल लावून झाले होते. दोन तारखा शेजारी लिहिल्या आणि गप्प बसलो.

निवडणूक नसेल तर पैसाही नाही

दुसऱ्या दाराची मात्र वेगळीच अट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांना पाच वर्षांसाठी २,३६,८०५ कोटी सुचवले. त्यातले ६० टक्के 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच. ४० टक्के 'अबंधित', पगार सोडून गावाला लागेल त्यावर. राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. राज्याने हा पैसा हातात आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत खाली सोडायचा, नाहीतर व्याज द्यायचं.

अट अशी की संस्था रीतसर निवडून आलेली हवी. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. प्रशासक सह्या करू शकतो, पण आयोगाच्या लेखी ती निवडून आलेली संस्था नव्हे, म्हणून त्यांच्या वाट्याचा निधी अडला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. या निवडणुका लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत. तेव्हा 'दिल्लीने पैसे दिले नाहीत' हे वाक्य इथे अक्षरशः खरं असूनही दिशाभूल करणारं होतं. गाठ आपल्याच राज्यात होती.

ग्रामपंचायतीचा हिशोब 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दिसतो : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष. किती आले, कशावर गेले, आराखड्यात काय होतं. आराखड्यात 'गटार दुरुस्ती' आणि खर्चात 'साहित्य खरेदी' असं दिसलं तर ते वहीत टिपून ठेवा.

आता कुणाला विचारायचं

अर्ज टाकायच्या आधी लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं शोधा. अधिवेशनात रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात आणि योजनेच्या नावाने शोधलं की राज्यवार तक्ते आयते मिळतात : महाराष्ट्राला मंजूर किती, दिले किती, खर्च किती. कुणातरी खासदाराने तुमचा प्रश्न आधीच विचारलेला असतो.

त्यानंतर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. केंद्राचा हप्ता कधी सुटला हे केंद्राच्या विभागाला, राज्याचा हिस्सा कधी पडला हे मंत्रालयाला, बिल कुठे अडलं हे जिल्हा परिषदेला. तिन्ही प्रश्न एका अर्जात कोंबले तर अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत द्या' असं मागा.

खर्च झाल्यावर तपासणी करतो कॅग, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. राज्याचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि संकेतस्थळावर मिळतात. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. त्यातले आक्षेप माहिती अधिकारात मागता येतात आणि बरेचदा तेच सगळ्यात वाचनीय निघतात.

ग्रामसभेला जाताना एकच पान न्या. योजनेचं नाव आणि दार, केंद्राचा मूळ व सुधारित अंदाज, केंद्राच्या मंजुरीची तारीख, राज्याच्या शासन निर्णयाची तारीख, ई-ग्रामस्वराजवरची जमा. आणि तरीही 'वरून पैसे आले नाहीत' असंच उत्तर मिळालं तर आवाज चढवू नका. ते उत्तर, कुठल्या कार्यालयाकडून पैसे यायचे आहेत त्या नावासह, सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.